तीन इंचांवरचा डाग

प्रिंट काढलेल्या कागदाच्या उजव्या कडेला एक काळा ठिपका आहे. त्याच्या बरोबर खाली दुसरा, आणखी खाली तिसरा. नोटिसा छापत बसलेल्या कारकून बाईंच्या लेखी प्रिंटर बिघडला, बस्स. दुरुस्तीला आलेला तरुण मात्र प्रिंटरला हातच लावत नाही. कागद टेबलावर सपाट करून तो बॅगेतून स्टीलची पट्टी काढतो, दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजतो आणि म्हणतो, "तीन इंच. ड्रम गेला."

लेझर प्रिंटरच्या पोटात बरेच रोलर फिरत असतात आणि प्रत्येकाचा घेर निराळा असतो. एखाद्या रोलरवर चरा पडला किंवा काही चिकटलं, की त्याच्या दर फेऱ्याला कागदावर तोच डाग पुन्हा उमटतो. एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० या दोन प्रिंटरांनी आपल्याकडची छोटी ऑफिसं कितीतरी वर्षं सांभाळली, अजूनही सांभाळतात. दोन्हींच्या आतली यंत्रणा कॅननचीच. त्यांच्या कार्ट्रिजमधल्या ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर, म्हणजे घेर ७५ मिलिमीटरच्या आसपास. हे झाले तीन इंच. डाग इंच-सव्वा इंचावर येत असेल तर संशय कार्ट्रिजमधल्या चार्ज रोलरवर किंवा मॅग्नेटिक रोलरवर. सव्वादोन-अडीच इंचांवर येत असेल तर कार्ट्रिजला दोष देऊ नये, मागच्या फ्यूझरकडे जावं.

अक्षरं बोटाने पुसली जात असतील तर टोनर कागदावर नीट वितळत नाही, फ्यूझर पुरेसा तापत नाही. प्रिंट फिकी येत असेल तर आणखी एक परीक्षा आहे, आणि ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा थक्क झालो. कागद अर्ध्या वाटेवर असताना या तरुणाने प्रिंटरचं दार उघडलं. यंत्र थांबलं. कार्ट्रिज बाहेर काढून ड्रमवरची झडप त्याने बोटाने सरकवली. हिरवट-निळ्या चकचकीत ड्रमवर अक्षरं उलटी उमटलेली होती, काळीभोर, अगदी रेखीव. ड्रमवर अक्षरं ठसठशीत आणि कागदावर फिकी, म्हणजे कार्ट्रिज निर्दोष. ड्रमवरून कागदावर येताना टोनर वाटेत अडतो आहे. दोष खालच्या ट्रान्स्फर रोलरचा. ड्रमवरच अक्षरं फिकी असती, तर टोनर संपत आलाय का, लेझरच्या आरशावर धूळ बसलीय का, हे बघावं लागलं असतं.

बदलायचा भाग काही शे रुपयांचा असतो आणि तो बसवायला पंधरा मिनिटं पुरतात. नेमका कुठला बदलायचा हे कळणं, ही खरी विद्या. बेंगळुरूसारख्या, सॉफ्टवेअरच्या नावाने जगात ओळखल्या जाणाऱ्या शहरात ती विद्या कोण जपतं, कशी शिकतं आणि आता तिच्यावर काय वेळ आली आहे, ते बघायला मी हेब्बाळमध्ये या तरुणाच्या मागे मागे फिरलो. तो खानापूर तालुक्यातला. त्याने नाव छापायला नको म्हटलं. वार्षिक कराराच्या ग्राहकांना आपल्या ऑफिसच्या गोष्टी बाहेर आलेल्या आवडणार नाहीत, हे त्याचं म्हणणं मला पटलं.

बेंगळुरूबाहेरच्या माणसाला हेब्बाळ म्हटलं की उड्डाणपूल आठवतो. देवनहळ्ळीचा विमानतळ २००८ मध्ये सुरू झाला आणि बल्लारी रस्त्यावरचा हा चौक शहराचा उत्तर दरवाजा झाला. आउटर रिंग रोड इथेच येऊन मिळतो. एका अंगाला हेब्बाळचं तळं, दुसरीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालय, पुढे कृषी विद्यापीठाचा जीकेव्हीकेचा हिरवा विस्तार. शेतीशास्त्राशी या गावाचं नातं जुनं आहे. १८९९ साली म्हैसूरच्या महाराणींनी इथे प्रायोगिक शेतीसाठी जमीन दिली होती, तेव्हापासूनचं. आणि रिंग रोडवर नागवाराच्या दिशेने निघालं की मान्यता टेक पार्क.

टेक पार्कच्या आतल्या हजारो लॅपटॉपांचा आमच्या तरुणाशी काही संबंध नाही. तिथली यंत्रं बहुधा भाडेपट्ट्यावरची असतात. बिघडलं की दुसरं हातात मिळतं, बिघडलेलं पेटीत घालून पुरवठादाराकडे रवाना होतं. त्याची दुनिया कुंपणाबाहेरची आहे. केंपापुरा, भूपसंद्रा, संजयनगर, गंगानगर, आर. टी. नगर, कोडिगेहळ्ळी. जुन्या बंगल्यात थाटलेली सीएची ऑफिसं, दोन खोल्यांचे दवाखाने, शाळा, झेरॉक्सची दुकानं, ट्रॅव्हलवाले, बियाण्यांचे आणि पशुखाद्याचे विक्रेते, अपार्टमेंटच्या सोसायट्या. तिथे बिघडलेलं यंत्र पेटीत घालून कुठेही जात नाही. ते सुरू होईपर्यंत पगाराची यादी, औषधांचं बिल, दहावीच्या मुलांची यादी अडून राहते.

हे लोक फोन करतात त्याला तो 'कॉल' म्हणतो. सकाळी पाच-सहा कॉल डायरीत लिहिलेले असतात. काही एएमसीचे, म्हणजे वर्षाच्या कराराचे, काही सुटे. करारातही दोन जाती. एकात सुटे भाग धरून सगळं, दुसऱ्यात फक्त येणं-जाणं आणि हाताची मजुरी. भांडणं होतात ती या दोहोंच्या सीमेवर. की-बोर्डवर चहा सांडला तर तो कराराच्या आत की बाहेर, यावर अर्धा तास जाऊ शकतो.

स्कूटरच्या पायाशी ठेवलेल्या त्याच्या बॅगेत स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणि मल्टिमीटर असतो. त्याशिवाय दोन ब्रश, हवा मारायचा छोटा ब्लोअर, सफाईच्या अल्कोहोलची (आयपीए) बाटली, थर्मल पेस्टची ट्यूब, विंडोज आणि लिनक्स भरलेले पेन ड्राइव्ह, एक मोकळा एसएसडी, नाण्याएवढे सीआर २०३२ सेल, आणि शाळकरी मुलांचा पांढरा खोडरबर. कॉम्प्युटर सुरू होताना नुसते बीप मारतो आणि पडद्यावर काही येत नाही, तेव्हा बरेचदा रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात मळलेले असतात. खोडरबराने ते हलक्या हाताने घासायचे, पट्टी परत दाबून बसवायची. निम्म्या वेळा काम झालेलं असतं.

त्या सेलचीही गंमत आहे. एका दवाखान्यातून तक्रार आली, इंटरनेट गेलं, बँकेचं पान उघडत नाही. त्याने नेटची वायर तपासली नाही, राउटर बंद-चालू केला नाही. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातली तारीख बघितली. कितीतरी वर्षांपूर्वीची होती. मदरबोर्डवरचा सेल संपला की बंद कॉम्प्युटर वेळ विसरतो. मग बँकेच्या संकेतस्थळाचं सुरक्षा-प्रमाणपत्र त्याला अवैध वाटतं, कारण त्याच्या हिशेबाने ते अजून जारीच झालेलं नसतं. सेल बदलला, तारीख लावली, बँक उघडली. दवाखान्यातल्या ताईंना वाटलं याने काहीच केलं नाही आणि पैसे मागतो.

बाकी हेब्बाळमधला मोठा शत्रू धूळ. मेट्रोचे खांब, पुलाचे नवे फाटे, चोवीस तास चालणारे ट्रक. रस्त्यालगतच्या दुकानातला सीपीयू उघडला की हीटसिंकच्या पात्यांमध्ये राखाडी रंगाचा जाड नमदा बसलेला दिसतो. पंखा फिरतो पण हवा आत जात नाही, प्रोसेसर तापतो, कॉम्प्युटर आपोआप बंद होतो, आणि मालक म्हणतो व्हायरस आला. पावसाळ्यात कागद ओल धरतो, कडा वळतात, प्रिंटर एकाऐवजी दोन कागद ओढतो किंवा एकही ओढत नाही. पाली आणि झुरळं उबेला यूपीएसमध्ये शिरतात. पाल दोन टोकांमध्ये अडकली की तीही जाते आणि बोर्डही.

त्याच्या कामातली एक सवय मला फार मोलाची वाटली. एका ऑडिट ऑफिसात वर्षभरात तीनदा नेटवर्कचा पोर्ट जळला होता. आधीच्या माणसाने दर वेळी कार्ड बदललं आणि बिल लावलं. हा गेला तेव्हा सीपीयूच्या पत्र्याला हात लावून त्याने तो झटकन मागे घेतला. मग मला म्हणाला, "काका, बोटाच्या उलट्या बाजूनं हळूच लावून बघा." मुंग्या आल्या. त्याने भिंतीतल्या सॉकेटमध्ये मल्टिमीटरच्या काड्या घातल्या. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. काटा भलतंच काही दाखवत होता. घर जुनं, राहण्याचं. तीन पिनांचं सॉकेट भिंतीत होतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. अर्थिंग नसलं की कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली गळती जमिनीत न जाता पत्र्यावर साठून राहते आणि नेटवर्कच्या तारेतून वाट काढते. त्याने कार्ड बदलायला नकार दिला. आधी वायरमन बोलवा, अर्थिंगचा खड्डा घ्या, मग मला फोन करा. त्या दिवशी त्याला फक्त भेटीचे पैसे मिळाले. "मशीन कुठं जात नाही. आधी करंट बघायचा," तो जिना उतरताना म्हणाला. आयटीआयत शिकवलं होतं का हे, मी विचारलं. "शिकवलं होतं की. खरं तिथं सॉकेट चांगलं होतं."

आयटीआयत संगणक हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा वर्षभराचा अभ्यासक्रम असतो. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातली कितीतरी मुलं तो किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरू गाठतात. पुणं-कोल्हापूर भाषेने जवळचं, पण राज्याच्या राजधानीत कन्नड येणाऱ्याला काम लवकर मिळतं, आणि ही मुलं कन्नड शाळेच्या अंगणातच शिकलेली असतात. ग्राहकाशी तो कन्नडमध्ये बोलतो, "आगत्ते मॅडम," म्हणजे होऊन जाईल. सुट्या भागांच्या मारवाडी व्यापाऱ्याशी हिंदी, रूमवरच्या मित्रांशी मोडकी तेलुगू, आईशी फोनवर मराठी. या शहरात मराठी नवी नाही. शहाजीराजांची जहागीर इथे होती, आणि १६८७ मध्ये चिक्कदेवराज वोडेयरांनी बेंगळुरू मोगलांकडून तीन लाख रुपयांना घेतलं त्याआधी ते व्यंकोजीराजांकडेच होतं. जुन्या पेठांतली रंगारी आणि शिंपी घराणी अजून घरात मराठी बोलतात. पण या तरुणाचं मराठीपण त्या इतिहासाचं नाही, ते पोटामागे आलेलं आहे.

ऑफिसातल्या यंत्रांच्या दुरुस्तीला आपल्याकडे आता शंभरएक वर्षांची परंपरा आहे, आणि ती टाइपरायटरपासून सुरू होते. महिन्यातून एकदा सायकलवर येणारा, तेलाची कुपी, सुई आणि पेट्रोलमध्ये बुडवलेला ब्रश घेऊन बसणारा टाइपरायटर मेकॅनिक ज्यांनी कचेऱ्यांतून पाहिला असेल त्यांना तो आठवेल. अक्षराचा दांडा केसभर वाकला की ओळीतलं 'क' वर उडायचं. मेकॅनिक पक्कडीने तो दांडा वाकवून अक्षर परत ओळीत आणायचा. गोदरेजने १९५५ मध्ये पहिला संपूर्ण भारतीय टाइपरायटर काढला आणि २००९ पर्यंत ही यंत्रं बनवली. शेवटची साताऱ्याच्या शिरवळच्या कारखान्यात. इतकी वर्षं ती टिकली, कारण गावोगाव ती उघडून जोडणारी माणसं होती.

झेरॉक्सचं तंत्र तर जन्मापासूनच ऑफिसातल्या कंटाळ्यातून आलं. चेस्टर कार्लसन एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचा. कागदपत्रांच्या नकला काढण्याचा त्याला वीट आला होता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यू यॉर्कच्या अस्टोरिया भागातल्या भाड्याच्या खोलीत त्याने आणि त्याच्या साहाय्यकाने गंधक लावलेली जस्ताची पट्टी फडक्याने घासून तिच्यावर स्थिर विद्युत भार आणला, काचेवर लिहिलेली तारीख आणि जागेचं नाव तिच्यावर पाडलं, वर भुकटी भुरभुरली आणि मेणकागदावर ती उचलून घेतली. हेच तत्त्व वापरणारं झेरॉक्स ९१४ हे यंत्र बाजारात यायला एकवीस वर्षं गेली. आज हेब्बाळच्या नोटीस छापणाऱ्या प्रिंटरमध्ये घडतं तेही मुळात तेच. ड्रमवर सहाशेएक व्होल्टचा ऋण भार, लेझरने अक्षरांपुरता तो पुसणं, तिथे टोनरची प्लास्टिकमिश्रित पूड चिकटणं आणि दोनशेच्या आसपास अंश तापमानाला ती कागदात वितळणं. म्हणूनच दमट हवा, धूळ आणि खराब अर्थिंग यांचं या यंत्राशी इतकं वैर.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते सीएमसीबद्दल. मला भेटलेल्या तरुण तंत्रज्ञांपैकी कुणाला ते नाव माहीत नव्हतं आणि मला त्याचं वाईट वाटलं.

साठ-सत्तरच्या दशकात भारतातल्या मोठ्या संगणकांवर आयबीएमचा पगडा होता. यंत्रं बहुतेक भाड्याने दिली जात, देखभालही कंपनीचीच. परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे १९७३ चा 'फेरा', आला आणि परदेशी कंपन्यांना इथल्या कारभारातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगण्यात आलं. आयबीएमने ते मान्य केलं नाही. जनता सरकारच्या काळात, १९७८ मध्ये, ती देशातून निघून गेली. मागे उरले रेल्वे, संरक्षण संस्था, कारखाने, विद्यापीठं यांच्याकडचे संगणक. ते बिघडले तर बघणार कोण?

याची तजवीज सरकारने आधीच करून ठेवली होती. १९७५ मध्ये कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन नावाची सरकारी कंपनी स्थापन झाली होती. देखभाल हेच जिचं काम, अशी कंपनी. आयबीएम गेल्यावर देशभरातल्या आठशेहून जास्त ठिकाणची यंत्रं तिने हाती घेतली, पुढे इतर परदेशी कंपन्यांचीही घेतली. एरवी एका कंपनीचा अभियंता त्याच कंपनीचं यंत्र उघडतो. सीएमसीच्या माणसांना वेगवेगळ्या घराण्यांची यंत्रं उघडावी लागली, परदेशातून भाग येईपर्यंत ती कशीबशी चालती ठेवावी लागली. त्यातून जे ज्ञान साठलं त्याच्या जोरावर याच संस्थेने १९८५ मध्ये दिल्लीत रेल्वेचं संगणकीय आरक्षण उभं केलं. आज आपण मोबाइलवर तिकीट काढतो त्याच्या मुळाशी दुरुस्ती करणारी माणसं आहेत. १९८४ मध्ये कंपनीचं नाव नुसतं सीएमसी लिमिटेड झालं, २००१ मध्ये टाटांनी तिच्यातला सरकारचा बहुसंख्य हिस्सा घेतला आणि २०१५ मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली.

भारतीय आयटीचा इतिहास सांगताना आपण निर्यातीचे आकडे आणि संस्थापकांची चरित्रं सांगतो. संगणक चालू ठेवणं हे देशाचं काम आहे असं मानून त्यासाठी एक स्वतंत्र संस्था काढणारा काळही याच इतिहासात आहे. तो विसरल्यामुळे आज दुरुस्ती करणाऱ्याला 'हार्डवेअरवाला पोरगा' म्हणून जिन्यात उभं ठेवलं जातं, असं माझं ठाम मत आहे.

सुटे भाग आणायला हेब्बाळहून दहा-बारा किलोमीटरवरच्या एस. पी. रोडला जावं लागतं. सदर पत्रप्पा रस्ता हे त्याचं पूर्ण नाव, पण ते कुणी घेत नाही. टाउन हॉलच्या पलीकडे, पेठेच्या दाट वस्तीत, माडीवर माडी चढवलेली दुकानं. कुठे नुसते लॅपटॉपचे चार्जर, कुठे फक्त स्क्रीन, कुठे प्रिंटरची रबरं, गिअर आणि फ्यूझरच्या फिल्म. एका गाळ्यात सूक्ष्मदर्शकाखाली मान घालून बसलेली मुलं 'चिप लेव्हल'चं काम करतात. गरम हवेच्या झोताने मदरबोर्डवरची चिप उचलायची, खालचे कथलाचे कण नव्याने बसवायचे, चिप परत ठेवायची. त्यांचा हात बघण्यासारखा असतो. शेजारी मेलेल्या बोर्डांची रास. त्यातला प्रत्येक बोर्ड कुणाला तरी एखादा भाग देऊन उपयोगी पडतो. आमचा तरुण तिथे गेला की भाग घेण्याआधी तो उलटा करून बघतो, जुनाच घासून नवा म्हणून खपवला नाही ना याची खात्री करतो. भाव करताना तो जितका कडक, तितकाच ओळखीच्या दुकानदाराच्या शब्दावर निर्धास्त. खराब निघाला तर उद्या बदलून मिळेल, एवढ्या विश्वासावर तिथला सगळा व्यवहार चालतो.

विश्वासाचा दुसरा प्रकार याहून नाजूक. लोक त्याच्या हातात आपला लॅपटॉप देतात तेव्हा त्यात बँकेचे पासवर्ड, मुलींचे फोटो, न्यायालयातली प्रकरणं, आजारपणाचे अहवाल असतात. त्याने स्वतःसाठी नियम घातले आहेत. काम शक्यतो मालकासमोर करायचं, पडदा मालकाकडे वळवून. माहिती दुसरीकडे काढताना सगळं फोल्डर एकदम उचलायचं, उघडून बघायचं नाही. पूर्ण आलं की नाही हे आकारावरून ताडायचं. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला तर तो फोनवरच सांगतो की ताबडतोब बंद करा, परत चालू करून बघू नका, कारण दर वेळी चालू करण्यात वाचण्याची शक्यता कमी होते. अलीकडे एक नवाच पेच येतो. नव्या लॅपटॉपमधली माहिती मालकाला न कळत कुलूपबंद झालेली असते. बोर्ड बदलला की पडदा अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागतो. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, खातं कुणी तरी दुकानात घाईने उघडून दिलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नसतो. अशा वेळी समोर बसलेल्या माणसाला 'तुमचं सगळं इथेच आहे, पण काढता येत नाही' हे सांगणं हे त्याला त्याच्या कामातलं सगळ्यात अवघड वाटतं.

आणि आता यंत्रंच अशी येऊ लागली आहेत की ती उघडू नयेत. रॅम बोर्डवर झाळून टाकलेली, बॅटरी गोंदाने चिकटवलेली, कार्ट्रिजवर चिप, आणि एका रात्रीत आलेल्या अपडेटनंतर भरलेलं कार्ट्रिज नाकारणारे काही प्रिंटर. त्याच्या भोवतालच्या जुन्या मंडळींना मात्र आधार आहे तो डॉट मॅट्रिक्सचा. टीव्हीएसचे, एप्सनचे ते खरखर आवाज करणारे प्रिंटर वाहतूकदारांकडे आणि गोदामांत अजून नांदतात, कारण कार्बनच्या तीन प्रती एका फटक्यात काढणं लेझरला जमत नाही. त्यांची रिबन बदलता येते, हेडची पिन बदलता येते.

खरा धक्का दिला तो सॉफ्टवेअरने. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे २०१७ पूर्वीचे बहुसंख्य कॉम्प्युटर, त्यांचा पंखा फिरतो आहे, डिस्क नवी आहे, पडदा लख्ख आहे, तरी नियमाने निकाली. घरगुती वापरासाठी आणखी एका वर्षाची सुरक्षा-अपडेट मिळण्याची वाट ठेवली आहे, ती पुढे ढकलण्यापुरती. सुरक्षेची गरज खोटी नाही. ज्या ऑफिसात लोकांची करपत्रकं आहेत तिथे अपडेट न मिळणारं यंत्र नेटवर ठेवू नये, हे आमचा तरुणही बजावून सांगतो. पण चालत्या यंत्राचं आयुष्य ते बनवणाऱ्याने ठरवावं आणि त्याचा कचरा आपल्या डोबसपेटेला जावा, हे मला अन्यायाचं वाटतं. डोबसपेटचा उल्लेख अशासाठी की तुमकूर रस्त्यावरच्या त्या गावात २००५ पासून ई-परिसर हा देशातल्या पहिल्या अधिकृत ई-कचरा प्रकल्पांपैकी एक चालतो.

आपल्या सरकारने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचं संकेतस्थळ सुरू केलं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे याचा निर्देशांक छापावा, असा अहवालही मे २०२५ मध्ये आला. पहिल्या टप्प्यात स्मार्टफोन आणि टॅब्लेट. फ्रान्समध्ये असा आकडा २०२१ पासून लॅपटॉपवरही असतो. ऑफिसच्या प्रिंटरवरही तो यायला हवा. आणि निर्देशांक निघाला तरी सर्व्हिस मॅन्युअल आणि सुटा भाग हेब्बाळच्या एका सुट्या तंत्रज्ञाला मिळत नसेल, तर तो आकडा खोक्यावरच राहील. हक्क ग्राहकाचा म्हणून लिहिला जातो. तो वापरायचा तर दुरुस्त करणारा माणूस गल्लीत शिल्लक असावा लागतो.

शिल्लक राहणं सोपं नाही. भेटीमागे मिळणारे काही शे रुपये, त्यातून पेट्रोल, एस. पी. रोडच्या फेऱ्या, तीन-तीन महिने थकणारी एएमसीची बिलं. त्याच्याबरोबर शिकलेले दोघे टेक पार्कात हेल्पडेस्कला लागले. तिथे खुर्ची आहे, एसी आहे, ठरलेल्या तारखेला पगार आहे, स्क्रू-ड्रायव्हर नाही. हा स्वतः आता सीसीटीव्ही आणि बोटांचे ठसे घेणारी हजेरीची यंत्रं बसवतो, अपार्टमेंटमध्ये वायफाय ओढून देतो. निव्वळ दुरुस्तीवर घर चालत नाही, हे तो सरळ सांगतो.

गेल्या मोसमात त्याच्याकडे एका छोट्या कन्नड शाळेची प्रयोगशाळा आली. सगळे कॉम्प्युटर विंडोज ११ च्या नियमात नापास. नवे घ्यायला शाळेकडे पैसे नव्हते. त्याने प्रत्येकातली धूळ काढली, ज्यांच्या जुन्या हार्ड डिस्क रेंगाळत होत्या त्यांच्यात लहान एसएसडी घातले आणि लिनक्स टाकलं. कन्नडचा क-ग-प कळफलक त्यात आधीपासूनच असतो, तेव्हा टंकलेखनाची अडचण आली नाही. अडचण आली ती कचेरीच्या जुन्या फाइलींची. त्या जुन्या नुडी फाँटमध्ये होत्या आणि युनिकोडमध्ये कचरा दिसत होता. फाँट घातल्यावर त्या वाचता आल्या. मुख्याध्यापिका बाई शेजारी उभ्या राहून एकच विचारत होत्या, परीक्षेचे अर्ज भरायचं पान उघडेल ना? त्याने ते त्यांच्यादेखत प्रत्येक कॉम्प्युटरवर उघडून दाखवलं. प्रिंटर लागला. स्कॅनर मात्र काही केल्या लिनक्सला ओळख देईना. शेवटी एका कॉम्प्युटरवर विंडोज १० तसंच ठेवलं, त्याची नेटची वायर काढून घेतली, स्कॅनर त्याला जोडला आणि सीपीयूवर कन्नडमध्ये चिठ्ठी लावली: फक्त स्कॅनिंगसाठी, इंटरनेट जोडू नये.